सर्वेअर बोनेट उघडतो तेव्हा

अपघातानंतर इन्शुरन्स कंपनीने नुकसान बघायला पाठवलेल्या सर्वेअरने बोनेट उघडलं, आत टॉर्च मारला आणि विचारलं, "हे लाल काय आहे?"

ते लाल म्हणजे माझा कोन फिल्टर, शंकूच्या आकाराचा. कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे मूळ फिल्टरचा डबा, काढून तिथे बसवलेला, आणि गेली चार वर्षं मी तो घरी येईल त्या प्रत्येकाला बोनेट उघडून दाखवत होतो, अगदी पेपरवाल्यालासुद्धा. पण या माणसाने विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. "एअर फिल्टर आहे सर." "कंपनीचा नाही." "नाही सर." फोटो. मग साहेब खाली बसले, स्प्रिंगचा फोटो. मग मागे जाऊन एक्झॉस्टचा फोटो. गाडी ठोकली होती पुढून डाव्या बाजूला, तिथले फोटो तीन, आणि जिथे ओरखडाही नाही तिथले नऊ, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे प्रकरण काही सरळ जात नाही.

झालं होतं असं की २०२३ च्या पावसाळ्यात साताऱ्याहून पुण्याला येत होतो. खंबाटकीचा बोगदा सोडला की ते कुप्रसिद्ध एस वळण लागतं ना, उतारावर, तिथे पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, मी मारला, रस्ता ओला, गाडी घसरून डावीकडे कठड्याला लागली. वेग फार नव्हता (असं सगळेच म्हणतात, पण खरंच नव्हता, मागे आई बसली होती). कोणाला लागलं नाही. बंपर, फेंडर, डावा हेडलाइट, रेडिएटर, लोअर आर्म आणि दोन अलॉय व्हील गेले. गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, म्हणजे १.२ लिटरचं टर्बो इंजिन, आणि त्यावर माझी चार-पाच वर्षांची बचत: स्टेज वन रिमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), डाउनपाइप (टर्बोला जोडलेला एक्झॉस्टचा पाइप), गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज, १७ इंची अलॉय, प्रोजेक्टर हेडलाइट, आणि तो लाल शंकू.

वर्कशॉपचं एस्टिमेट आलं १ लाख ३२ हजार. तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं, की वाहनात कळवल्याशिवाय बदल केल्याचं आढळल्याने तुमचा दावा विचारात घेता येत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हा मी जाम चिडलेलो होतो आणि आता दोन वर्षांनी वाटतं की त्यांच्या जागी मी असतो तर तेच पत्र मीही पाठवलं असतं, फक्त जरा बऱ्या मराठीत.

मग मी ते केलं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं, पॉलिसी वाचली. सगळी, बारीक अक्षरातली पण.

आणि वाचताना एक गोष्ट डोक्यात शिरली जी आधी कोणी सांगितलीच नव्हती. आपल्याला वाटतं आपण गाडीचा इन्शुरन्स काढतो. तर नाही, आपण आरसीवरच्या गाडीचा इन्शुरन्स काढतो. मॉडेल, सीसी, सीट किती, पेट्रोल की डिझेल, आणि कंपनीची लिस्टेड किंमत वजा घसारा, त्याचा जो आकडा येतो ती आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. घसारा सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, पाचव्या वर्षी ५०, आणि पाचाच्या पुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवाल तो. या हिशोबात तुमचे १७ इंची अलॉय कुठेही बसत नाहीत. तुम्ही गाडीवर दोन लाख घातलेत की वीस लाख, आयडीव्हीला त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे माझ्या पार्किंगमध्ये एक गाडी उभी होती आणि पॉलिसीत दुसरीच होती, आणि ठोकली ती पहिली.

बरं, सांगायची सोय नाहीये का? आहे. २००२ च्या मोटर टॅरिफमधली कलमं आजही पॉलिसीच्या मागे नंबर टाकून येतात. त्यातलं २४ नंबरचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कलम) इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक फिटिंगसाठी आहे, किमतीच्या ४ टक्के भरायचे. म्हणजे ४० हजाराची म्युझिक सिस्टीम लावली असेल तर वर्षाला १६०० रुपये. इलेक्ट्रिकल नसलेल्या ॲक्सेसरीज, सीट कव्हर वगैरे, त्यांची किंमत वेगळी लिहून घेतात आणि गाडीच्याच दराने प्रीमियम लागतो. सीएनजीचं २५ नंबर सगळ्यांना माहीत असतं, किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे वर ६० रुपये, आणि आरसीवर नोंद पाहिजेच.

मी आमच्या एजंट काकांना फोन लावला. हे काका बाबांच्या स्कूटरपासून आमच्या घरचे इन्शुरन्स बघतात, सदाशिव पेठेतल्या एका जिन्याखाली त्यांचं टेबल आहे आणि रिन्यूअलची तारीख माझ्या वाढदिवसापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात असते. म्हटलं, काका, तुम्ही मला कधी विचारलं का नाही गाडीला काय काय लावलंय म्हणून? काका म्हणाले, "तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस?"

यावर मी विषय बदलला.

पण समजा खरं सांगितलं असतं तर? इथेच खरी गंमत आहे. म्युझिक सिस्टीम सांगता येते, सीएनजी सांगता येतो. रिमॅप सांगता येत नाही. कारण मोटर वाहन कायद्याचं कलम ५२. त्यानुसार आरसीवरचे तपशील कंपनीने मुळात दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं, त्या वेळी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आता स्टिकर लावला तरी जेल" असल्या अफवा फिरत होत्या, तसं काही नव्हतं, कोर्टाने रंग वगैरे किरकोळ गोष्टी बाजूला ठेवल्या होत्या, मुद्दा मूळ रचनेचा होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ए आलं, त्यात मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एका बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. एका बदलामागे! माझ्या गाडीचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

म्हणजे बघा, इन्शुरन्सवाले म्हणतात काय बदललंय ते सांगा, आणि आरटीओ म्हणतं काही बदलूच नका. सांगितलं तर कबुलीजबाब, नाही सांगितलं तर लपवाछपवी. इंग्लंड-अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपली पोरं विचारतात की आपल्याकडे मॉडिफाइड गाडीची स्पेशल पॉलिसी का नाही, अरे कशी असेल, जी गोष्ट रस्त्यावर असायलाच नको तिची पॉलिसी कोण छापणार? डिकीत गॅसची टाकी बसवायला चालते कारण तिला मंजूर किट आहे, मंजूर सेंटर आहे, आरसीवर शिक्का आहे. चार स्प्रिंगा बदलायला यातलं काहीच नाही. मी स्प्रिंगांची बाजू घेत नाहीये, स्वस्तातल्या कापलेल्या स्प्रिंगा लावून स्पीडब्रेकरवर बंपर सोडून गेलेली गाडी मी या डोळ्यांनी बघितलीय. पण चांगल्या मालाला आणि कचऱ्याला एकच न्याय आहे एवढंच म्हणतोय.

एक अपवाद मात्र मस्त आहे आणि तो फार कमी लोकांना माहितीय. अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेली किंवा बदललेली गाडी असेल, हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर वगैरे, आणि आरसीवर तशी नोंद असेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर ५० टक्के सूट आहे, १२ नंबरचं एन्डॉर्समेंट. आमच्या सोसायटीत एका आजोबांना ती सूट कित्येक वर्षं कोणी दिली नव्हती कारण त्यांनी मागितली नव्हती. आता मिळते. माझ्या या सगळ्या अभ्यासाचा जगाला झालेला फायदा म्हणायचा तर हा एवढाच.

इंजिन स्वॉपवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. थर्ड पार्टीचा प्रीमियम सीसीवर ठरतो, २०२२ पासून १००० सीसीपर्यंत २०९४, १५०० पर्यंत ३४१६ आणि त्याच्या वर एकदम ७८९७. आता जुन्या गाडीत कोणी १३०० काढून १६०० टाकलं आणि आरसीवर १३००च राहिलं, तर तो माणूस नुसता कलम ५२ मध्ये अडकत नाही, दरवर्षी चुकीच्या स्लॅबचा प्रीमियम भरत असतो, आणि हे सिद्ध करायला कंपनीला काही डिटेक्टिव्ह लागत नाही, ब्लॉकवरची घाण पुसून इंजिन नंबर वाचला की झालं.

रिमॅप कसा कळतो असं काही जण विचारतील. बऱ्याचदा कळत नाही. पण डीलरकडे गाडी जोडली की ईसीयूतलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअर कंपनीच्या नोंदीशी जुळतं का ते बघता येतं, आणि फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना तर यासाठी टीडी वन नावाचा शिक्काच बसतो, वॉरंटीवाल्यांना तो पहिल्यांदा दिसतो. माझ्या बाबतीत त्याची गरजच पडली नाही. लाल रंग पुरला.

तर क्लेम. पत्र आल्यावर मी उत्तर पाठवलं, काकांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. मुद्दा एवढाच की ओल्या रस्त्यावर घसरून कठड्याला लागायला एअर फिल्टरचा काय संबंध? अटीचा भंग झाला असेल पण अपघात त्या भंगामुळे झालेला नाही. आणि काकांनी त्यात एक निकाल घालायला लावला, २०१० चा सुप्रीम कोर्टाचा, अमलेंदु साहू यांच्या केसमधला, ज्यात खाजगी गाडी भाड्याने वापरली म्हणून क्लेम नाकारला होता आणि कोर्टाने म्हटलं की सरसकट नाकारू नका, नॉन-स्टँडर्ड पद्धतीने द्या. नॉन-स्टँडर्ड म्हणजे जेवढा क्लेम मंजूर झाला असता त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत. हा शब्द कुठल्याही ॲडमध्ये दिसणार नाही, पण क्लेमच्या टेबलावरचा प्रत्येक माणूस तो जाणतो. नाही ऐकलं तर पुण्यात विमा लोकपालाचं ऑफिस आहे, तक्रारीला फी नाही, हेही पत्राच्या शेवटी नम्रपणे लिहिलं. नम्रपणे हा काकांचा शब्द.

ऐकलं त्यांनी. पण आकडा बघा कसा उतरत गेला. नऊ वर्षांची गाडी, त्यामुळे मेटल पार्टवर ४० टक्के कपात. प्लास्टिक, रबर, बॅटरी ५० टक्के. काचेला शून्य, पण काच फुटलीच नव्हती, नशीब बघा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, माझ्या गाडीला कोणी द्यायला तयार नव्हतं. प्रोजेक्टर हेडलाइट जाहीर केलेला नाही म्हणून त्याचे शून्य. अलॉय शून्य. १ लाख ३२ हजाराचे सर्वेअरच्या कागदावर झाले ७८ हजार, त्याचे ७५ टक्के ५८,५००, त्यातून सक्तीचे १००० वजा. हातात ५७,५००. वर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, गेला तो वेगळा.

बाबा म्हणाले, "त्या चाकांच्या पैशात तेव्हा सोनं घेतलं असतंस तर." बाबांचं प्रत्येक वाक्य सोन्यावर संपतं त्यामुळे तिकडे दुर्लक्ष केलं.

हे झालं रस्त्यावरचं. आता रेसिंगकडे येतो, कारण त्यात मी याहून मोठा येडेपणा करायच्या बेतात होतो.

पोलो विकत घ्यायच्या आधीपासून मला ऑटोक्रॉसचं वेड. पुण्याच्या आसपास माळरानावर चुन्याच्या रेघा मारून, टायर आणि कोन लावून ट्रॅक आखतात, एकावेळी एक गाडी, घड्याळाशी शर्यत. नाशिकची रॅली बघायला तर आम्ही कॉलेजात असल्यापासून जायचो, पहाटे कुठल्यातरी शेताच्या बांधावर जाऊन बसायचं आणि जिप्सी धुरळा उडवत गेली की तो धुरळा खायचा, आणि यासाठी एसटीचं तिकीट काढून जायचं. कोल्हापूरवाल्यांचं तर विचारूच नका, त्यांच्याकडे स्वतःचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि तिथली पोरं पुढे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाऊन खरंच रेस करतात.

तर माझी भाबडी समजूत अशी की कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे. ऑटोक्रॉसला एखादा टायर-बिअर लागलाच तर क्लेम करू. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, ज्याला लिमिटेशन्स ॲज टू यूज म्हणतात, तिथे लिहिलेलं असतं की भाड्याने चालवणं, मालवाहतूक, आणि ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग, यात पॉलिसी लागू नाही. पहिल्या पानावर! मी दहा वर्षं ते पान लॅमिनेट करून डॅशबोर्डमध्ये ठेवत होतो.

बरं, मग मी म्हटलं ऑटोक्रॉस सोडा, टीएसडी रॅली करू. टाइम-स्पीड-डिस्टन्स. यात कोणी पळवत नाही, उलट ठरवून दिलेला ॲव्हरेज स्पीड पाळायचा असतो, लवकर पोचलात तरी पेनल्टी. शेजारी बायको मोबाइल, कॅल्क्युलेटर आणि ट्यूलिप रोडबुक (वळणांच्या खुणांची वही) घेऊन बसते आणि दर दोन किलोमीटरला आमचं भांडण होतं, यात रेसिंग कुठलं? पण रिलायबिलिटी ट्रायल हा शब्द आहे ना तिथे. शंभर वर्षांपूर्वी गाडी ठरल्या वेळेत ठरल्या अंतरावर न बंद पडता पोचते का हे बघायच्या स्पर्धा व्हायच्या, त्यांचं हे नाव, आणि टीएसडी ही त्यांचीच नात. म्हणजे तीपण बाहेर.

पण यावर उपाय आहे, आणि तो शोधून काढल्याचा मला अजून अभिमान आहे: ३१ नंबरचं एन्डॉर्समेंट, रिलायबिलिटी ट्रायल्स अँड रॅलीज. जादा प्रीमियम भरायचा, कुठली रॅली, कुठे, कुठल्या तारखेला, कोणाच्या वतीने, हे सगळं रिकाम्या जागांत भरायचं आणि तेवढ्यापुरती पॉलिसी वाढते. मी प्रिंट काढून काकांकडे गेलो. काका चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "चाळीस वर्षांत हे कोणी मागितलं नाही रे." ते ब्रँचमध्ये घेऊन गेले. ब्रँचमधल्या मॅडमनी पुढे पाठवलं. पुढच्यांनी मुंबईला पाठवलं. रॅली रविवारी झाली, आम्ही वीस गाड्यांत चौदावे आलो, आणि पुढच्या गुरुवारी मेल आला की कृपया कार्यक्रमाची तारीख कळवावी.

आणि मिळालं असतं तरी काय मिळालं असतं ते पण वाचा. त्यात लिहिलंय की ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग तरीही कव्हर नाही. रॅलीच्या दरम्यान गाडीत बसलेल्या, चढणाऱ्या, उतरणाऱ्या किंवा चालवणाऱ्या माणसाला काही झालं तर जबाबदारी नाही. आयोजकांनाही संरक्षण नाही. प्रत्येक क्लेममधले पहिले अमुक रुपये तुमचे. थोडक्यात, टीएसडीसाठी छत्री आहे, वेगाच्या स्टेज रॅलीसाठी नाही, आणि छत्रीखाली फक्त गाडी उभी राहणार, तुम्ही बाहेर.

खऱ्या रेस कारला तर मोटर इन्शुरन्सचा काही संबंधच नसतो हे मला फार उशिरा कळलं. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर त्या एलजीबी फॉर्म्युला फोर नावाच्या एका सीटच्या रेस कार पळतात, मागे एस्टीमचं १३०० चं इंजिन, दिसायला एकदम भारी. तिला आरसी नाही, नंबरप्लेट नाही, हॉर्न नाही. कायद्याच्या दृष्टीने ते रस्त्यावरचं वाहनच नाही तर मोटर पॉलिसी कशाची देणार? गॅरेजमध्ये असताना ती एक महागडी वस्तू, तिला आग आणि चोरीचा इन्शुरन्स, ट्रकवर असताना तो माल, त्याला ट्रान्झिट. ट्रॅकवर गेली की काही नाही. मधल्या या भागाला टीमवाले डिपॉझिट म्हणतात. गाडी भाड्याने घेऊन रेस करायची असेल तर आधी रक्कम ठेवायची आणि सही करायची की मोडतोड माझी. मला वाटायचं रेसिंगवाल्यांकडे काहीतरी गुपित पॉलिसी असेल. त्यांच्याकडे स्पेअर नोजकोन असतो, गाडीचं जादा नाक.

आयोजकांचं वेगळं असतं. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) परवानगीने होणाऱ्या इव्हेंटच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे त्या इव्हेंटच्या नियमावलीत, इन्शुरन्सचं एक कलम असतं, प्रेक्षक, मार्शल, शेतकऱ्याचा गोठा, याला काही झालं तर काय. ते पान वाचल्याशिवाय मी आता एन्ट्री फी भरत नाही. आणि स्वतःच्या हाडांचं बघायचं असेल तर हेल्थ पॉलिसी उघडा आणि एक्सक्लुजन ०९ (काय मिळणार नाही त्यातलं नववं कलम) शोधा. सगळ्या कंपन्यांत हेच शब्द, कारण आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०१९ मध्ये ते एकसारखे करून दिले. गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटर रेसिंग, स्कुबा वगैरे करताना लागलं तर खर्च मिळणार नाही, पण त्यात एक शब्द आहे, "प्रोफेशनल म्हणून" भाग घेतला तर. म्हणजे माझ्यासारखा रविवारचा हौशी, जो उलट पैसे भरून चौदावा येतो, तो प्रोफेशनल नक्कीच नाही. या एका शब्दावर भांडायला जागा आहे. पर्सनल ॲक्सिडेंटच्या पॉलिसीत मात्र शब्द वेगळे असतात, तिथे हौशीलाही बाहेर काढलेलं असू शकतं, ती वेगळी वाचा.

रस्त्यावर रेस लावणाऱ्यांबद्दल दोनच ओळी, कारण मला त्यांच्याबद्दल सहानुभूती नाही. थर्ड पार्टीच्या दाव्यात कंपनीला हात वर करायला कायद्याने अगदी मोजकी कारणं दिलीत, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग हे एक आहे, पूर्वीचं कलम १४९, आताचं १५०. अनेकदा कोर्ट कंपनीला सांगतं की आधी मयताच्या घरच्यांना पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे बहुतेक वेळा पोराचे वडील, ज्यांनी बक्षीस म्हणून गाडी दिलेली असते, आणि वसुली फ्लॅटवर येते.

मामेभाऊ इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळ राहतो, सिल्व्हरस्टोनचा रेस ट्रॅक तिथून जवळ, त्यामुळे तो ट्रॅक डेला (स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) जातो आणि मला फोटो पाठवून जळवतो. त्याच्याकडे अलॉय बदलले तरी कंपनीला कळवायचं, आणि कळवता येतं, प्रीमियम वाढतो पण पॉलिसी राहते. ॲग्रीड व्हॅल्यू मिळते, म्हणजे फोटो आणि बिलं दाखवून गाडीची किंमत आधीच ठरवून घ्यायची. ट्रॅक डेसाठी एका दिवसाची वेगळी पॉलिसी, पण साधारण गाडीच्या किमतीच्या दहावा हिस्सा वगैरे नुकसान आधी स्वतः सोसायचं, आणि दुसऱ्याच्या गाडीला लावलंत तर ते कव्हर नाही. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या ट्रॅकला गेला तेव्हा मात्र पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं, रिंग सोडून. तिथे कठड्याला धडकलात तर कठड्याचंही बिल येतं म्हणे, मोडलेल्या मीटरच्या हिशोबाने. खंबाटकीच्या कठड्याचं बिल मला कोणी पाठवलं नाही याचं तेव्हा बरं वाटलं.

त्यानेच सांगितलेली एक गोष्ट इथे टाकल्याशिवाय राहवत नाही. २००७ मध्ये स्लोव्हेनियात एका गोठ्यात पेंढ्याचे गठ्ठे रचत होते, ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली शिडीला लागली, शिडीवरचा माणूस पडला. व्नुक त्याचं आडनाव. भरपाईसाठी केस युरोपच्या कोर्टापर्यंत गेली आणि २०१४ मध्ये कोर्ट म्हणालं की खाजगी जागेतही वाहन वाहनासारखं वापरलं तर सक्तीचा इन्शुरन्स लागू. आता याचा अर्थ काढत गेलात तर रेस ट्रॅकवरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी हवा! इंग्लंडमधले रेसिंगवाले हादरले, त्यांचं म्हणणं असा इन्शुरन्स द्यायला कोणी तयारच होणार नाही, म्हणजे खेळच बंद. शेवटी ब्रेक्झिटनंतर २०२२ मध्ये त्यांनी वेगळा कायदा करून ते काढून टाकलं, आणि युरोपनेही २०२१ च्या नियमात मोटरस्पोर्टला बाजूला काढलं. एका शिडीने सिल्व्हरस्टोन बंद पाडायची वेळ आणली होती.

असो. मी काय केलं ते सांगतो. पोलो परत स्टॉक केली, म्हणजे कंपनीतून आली तशी. स्प्रिंगा, एअरबॉक्स, एक्झॉस्ट, मूळ माल मी जपून ठेवला होता म्हणून जमलं, ज्यांनी तो भंगारात दिलाय त्यांनी नाना पेठेत चार चकरा मारायची तयारी ठेवा. रिमॅप काढला, पहिले पंधरा दिवस गाडी आजारी असल्यासारखी वाटली, मग सवय झाली. म्युझिक सिस्टीम ठेवली आणि २४ नंबरखाली लिहून घेतली. ऑटोक्रॉससाठी मित्राबरोबर अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुनी एस्टीम घेतली. आत सीट एकच, रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा पिंजरा), बाकी मोकळा पत्रा. तिला ओन डॅमेज नाही, कोणी देणारही नाही. थर्ड पार्टीचे ३४१६ आणि जीएसटी मात्र भरतो, कारण फ्लॅटबेड ट्रकवरून उतरवताना गेटच्या बाहेरचा रस्ता सार्वजनिक असतो. आणि बँकेत महिन्याला दोन हजाराची आरडी, तिचं नाव आम्ही "फेंडर" ठेवलंय. मागच्या सीझनला एकदा मोडावी लागली, रेडिएटर गेला, बिल ९ हजार, सर्वेअर कोणी नाही, फोटो कोणी काढले नाहीत, संध्याकाळी गाडी चालू.

यंदा पोलोच्या रिन्यूअलला काकांचा फोन आला. आता ते दरवर्षी विचारतात, वही घेऊनच बसतात.

"काय नवीन लावलंयस?"

"काही नाही काका. टायर बदलले, कंपनीच्याच साइजचे."

"आणि तो लाल शंकू?"

"माळ्यावर आहे."

"ते सगळं सामान माळ्यावर? स्प्रिंगा, चाकं, सगळं?"

"हो."

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "घराचा काढलायस का रे इन्शुरन्स?"